आक्कांची विहीर आणि शेणाचा खड्डा

बहात्तरच्या दुष्काळात आजूबाजूच्या विहिरी एकामागून एक कोरड्या पडल्या, आणि आमच्या वस्तीवरची विहीर मात्र चांगली दोन पुरुष भरलेली होती. लांबून पाहणाऱ्याला हेवा वाटावा. काठावर येऊन वाकून पाहिलं की कळायचं. पाणी कोऱ्या चहासारखं आणि वास नासक्या अंड्यांचा. भरल्या विहिरीवरून रिकामी कळशी घेऊन मी रोज पाऊण मैल चालत कारखान्याच्या नळावर जायची. त्या चालण्याचा मला अजून राग येतो. नक्की कुणाचा येतो ते सांगता येत नाही. त्यात मीही आहे.

मी कोकणातली. सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि मुलीला रोज होडीतून ने-आण कोण करणार, म्हणून पाटी बंद झाली ती झालीच. लग्न झालं आणि ह्यांना नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत फिटरची नोकरी लागली. कारखान्याच्या खोल्या आधीच भरलेल्या. मला सहावा महिना. एका शेतातल्या वस्तीवर आक्कांनी आम्हाला त्यांच्या घराची पडवीलगतची खोली दिली. कोण, कुठले, काही विचारलं नाही. "पोटुशी बाई यष्टीतून उतरलीय, तिला काय इचारायचं," म्हणाल्या.

आक्का पन्नाशीच्या, मालक नव्हते, मुलगा मिलिटरीत. बारा एकर त्या एकट्या सांभाळायच्या. माहेर तिसगावच्या दुष्काळी बाजूचं, त्यामुळे पाण्याची किंमत त्यांना वेगळी सांगावी लागत नव्हती. माझं बाळंतपण त्यांच्याच घरात झालं. माझ्या आईला पत्र पोचून ती निघेपर्यंत इकडे शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पोरीची मालिश सगळं होऊन गेलं होतं. त्या उपकारांचं ओझं मी सतत वागवत असायची. आपल्या हातून इथे काही चुकू नये, अशी धास्तीच घेतली होती.

आणि चुकायला सुरुवात झाली ती नेमकी आमच्याच बाजूने. डिस्टिलरीत मळीपासून स्पिरिट काढतात. ते काढून झालं की मागे उरतं ते कढत, तपकिरी, आंबूस पाणी. ते चढावरच्या मुरमाच्या जुन्या खाणीत सोडायचे. खाणीच्या खाली आक्कांचं शेत, शेतात विहीर. आणि त्या पाण्याचा व्हॉल्व्ह रोज फिरवायचे आमचे हे.

पहिल्यांदा तांब्याचा हंडा काळा पडला. घासून लख्ख करावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा काळा. मग भात पिवळा दिसू लागला. शेंदलेलं पाणी ठेवून दिलं की सकाळी तळाशी तांबडा गाळ बसलेला असायचा.

"लोखंड खाल्लंय का काय ह्या हिरीनं?" आक्का बोट बुडवून गाळ बघत म्हणाल्या.

मी राख घेऊन हंडा घासायला बसले.

मग उपाय सुरू झाले. जो येईल तो विहिरीत काहीतरी टाकून जायचा. कुणी तुरटी, कुणी चुन्याची फक्की, कुणी लाल औषध. इंजिन लावून तीन दिवस उपसा केला, चौथ्या दिवशी तेवढंच पाणी आणि तसलंच. आक्का कारखान्यावर गेल्या तेव्हा मीही सोबत गेले होते, पदर डोक्यावर घट्ट धरून, आपल्याला कुणी ओळखेल म्हणून भीत. मोठ्या साहेबांनी आक्कांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "बाई, बाकीच्यांच्या विहिरीत खडक दिसतोय. तुमच्यात पाणी तरी आहे."

आक्कांनी कप तसाच ठेवला. "ह्यो चा कुटल्या पान्याचा केलाय?"

"नळाच्या."

"मग माज्या हिरीचं आनून देते. त्याचा करून प्या आन मग बोला."

बोलण्यात आक्का जिंकल्या. पाणी तसंच राहिलं.

त्यानंतर महिनाभराने कारखान्याच्या लॅबमधले तरुण साहेब सायकलवरून वस्तीवर आले. बिडी-सिगारेट ओढत नसत, पण खिशात सतत काडेपेटी. त्यांनी विहिरीचं पाणी बाटलीत घेतलं, वास घेतला, आणि स्वतःशीच चिडल्यासारखे बोलू लागले. म्हणाले, खाणीतल्या पाण्यात जंतूंना खायला इतकं आहे की ते खाता खाता खाली जमिनीतल्या पाण्यातली सगळी हवा संपलीय. हवा संपली की हवेवाचून जगणारे जंतू कामाला लागतात. वास येतो तो त्यांच्यामुळे, हंडा काळा पडतो तोही त्यांच्यामुळे, आणि खडकातलं लोखंड पाण्यात सुटतं तेही त्यांच्यामुळेच.

"म्हंजी किडे पडलेत माज्या हिरीत," आक्का म्हणाल्या.

"किडे नाहीत, आक्का. जंतू. डोळ्यांना न दिसणारे. आणि ते वाईट नाहीत. घाण येतेय म्हणून बिचारे ती खातायत. वरून घाण यायची थांबवली, तर हेच जंतू तुमचं पाणी धुऊन देतील. पण वेळ लागेल."

"किती?"

"वर्ष. दोन वर्षंही लागतील."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनी कारखान्यात भांडून एक परवानगी मिळवली होती. नवं पाणी टेकडीपलीकडच्या दुसऱ्या खाणीत पंपाने चढवायचं, आणि जुन्या खाणीत साठलेलं पाणी थोडं थोडं काढून साहेबांनी जिरवून दाखवायचं. उन्हाळा संपेपर्यंत विहिरीतल्या घाणीला उतार पडला तर जुनी खाण कायमची बंद. नाही पडला तर पंपाचा खर्च कशाला, पुन्हा पाणी जुन्या खाणीत. म्हणजे आक्कांची विहीर संपली. सगळं त्या मुदतीवर टांगलेलं.

"बांधालगतचे चार वाफे द्या मला," साहेब म्हणाले. "आणि शेण द्या."

"शेन? काय सारवायचंय?"

"खड्ड्यात टाकायचंय. शेणातले जंतू हवेशिवाय जगतात. ते या पाण्यातला बराचसा माल खाऊन टाकतील."

"म्हंजी दारू तुमी लोकं पिनार, आन खरकटं माज्या गाईंच्या जंतूंनी खायचं?"

साहेब हसले. आक्का हसल्या नाहीत, पण पाटी भरून शेण आणायला उठल्या.

खड्डा दहा हात लांब, सहा हात रुंद, पुरुषभर खोल. काळ्या चिकण मातीने आतून लिंपलेला. त्यात खाणीचं पाणी आणि शेणकाला. वर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर, मधून एक लोखंडी नळी. पंधरा-वीस दिवसांनी आत बुडबुडे येऊ लागले, भाताला आधण यावं तसे. साहेबांनी नळीच्या तोंडाशी काडी धरली. निळी ज्योत लागली, वाऱ्याने वाकडी झाली, पण विझली नाही. मग त्यांनी फळ्यांवरच्या मातीशी काडी नेली. तिथे काही नाही.

"खालून वायू येतोय, मग वर का पेटत नाही?" मी विचारलं. मी त्यांना विचारलेला तो पहिलाच प्रश्न.

साहेबांना इतका आनंद झाला की बस. "वहिनी, कारण मातीत असेही जंतू असतात जे तो वायूच खातात! खालच्यांनी बनवायचा, वरच्यांनी खायचा."

खड्ड्यातून निघालेलं पाणी मग वाफ्यांत. एका वाफ्यात पाण्याचा पातळ थर सोडायचा आणि आठ दिवस तो वाळू द्यायचा, तोवर दुसऱ्याला. जमिनीत हवा गेली पाहिजे, हवेवर जगणारे जंतू उरलेली घाण तिथे खातात. हे मात्र आक्कांना समजावून सांगावं लागलं नाही. "पाळीनं पानी तर आमी जलमभर देतो," म्हणाल्या, आणि फावडं घेऊन साहेबांनी चुकीचे घातलेले बांध नीट करून दिले.

माझ्याकडे काम आलं बाटल्यांचं. अक्षर बरं होतं म्हणून. दर आठ दिवसांनी विहिरीचं पाणी औषधाच्या बिनरंगी काचेच्या बाटलीत भरायचं, चिठ्ठी चिकटवायची, खिडकीत ओळीने ठेवायचं. रंग लिहायचा, वास लिहायचा. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. शाळा सुटल्यापासून कुणी मला लिहायचं काम दिलं नव्हतं. आणि चौथ्या महिन्यात खरंच फरक दिसला. ओळीच्या एका टोकाला कोरा चहा, दुसऱ्या टोकाला मध. हंडा काळा पडायला एका दिवसाऐवजी तीन दिवस लागू लागले. आक्का पाण्याचा घोट घ्यायच्या, तोंडात घोळवायच्या आणि थुंकायच्या. "न्हाई अजून." पण पहिल्यासारखं तोंड वाकडं करत नव्हत्या.

तेवढ्यात दुष्काळ टिपेला गेला. गुरं छावणीत गेली, माणसं खडी फोडायला गेली, आणि जुलाब-उलट्यांची साथ आली. ग्रामसेवकांनी प्रत्येक वस्तीवर ब्लीचिंग पावडरचं पोतं पोचवलं. मला वाचता येतं म्हणून माझ्याच हातात दिलं आणि बजावलं, "जंतू मारायचेत, बाई. हयगय नको."

माझ्या पोरीला आधी लागण झाली, मग आक्कांना. पोर साखरमिठाच्या पाण्यावर दोन दिवसांत सावरली. आक्का मात्र चार दिवस अंथरुणाला खिळल्या. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. मी त्यांच्या उशाशी बसून होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललेलं. नळावर शेजारणी म्हणत होत्या की त्या शेणाच्या खड्ड्यातूनच रोग उठलाय. साहेब तर उठता-बसता सांगत होते की तिथे कोट्यवधी जंतू आहेत. आणि शाळेत आरोग्याच्या पुस्तकात मी काय शिकले होते? जंतू म्हणजे रोग, जंतू दिसले की मारावेत. सातवीपर्यंत एवढंच होतं. आठवीत कदाचित पुढचं असेल.

पाचव्या दिवशी भर दुपारी मी पाऊण पोतं खड्ड्याच्या तोंडात ओतलं. उरलेलं वाफ्यांवर भुरभुरलं. नाकाडोळ्यांना पाणी सुटलं, हात भाजल्यासारखे झाले. आणि मला बरं वाटलं, हे खरं आहे. आक्कांसाठी आपण काहीतरी केलं, असं वाटलं.

आक्का उठल्या, फिरू लागल्या. खड्डा मात्र गप्प झाला. साहेबांनी नळीशी काडी धरली, एक जळली, दुसरी जळली, ज्योत नाही. फळी उचलून पाहिलं तर आत आंबट वासाचा साका. वाफ्यांत पाणी जिरेना, शेवाळलेल्या काळ्या साईसारखं साचून राहिलं.

"कुणी काही टाकलं का इथे?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. खड्डा माझ्या पावडरीनेच मेला, हे आता मला कळलं होतं. पण तोंडातून "नाही" निघालं ते निघालं.

पुढचे तीन आठवडे मी जे भोगलं ते माझ्याच कर्माने. साहेब रोज यायचे. शेण जास्त झालं का, ऊन जास्त झालं का, मळीच बदलली का, असं मोठ्याने बोलत खड्ड्याभोवती फिरायचे. मी चहा नेऊन द्यायची आणि परत यायची. खिडकीतल्या बाटल्या पुन्हा काळ्याकडे जायला लागल्या. चिठ्ठीवर 'रंग: गडद' असं मीच लिहायची. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आपण कारखान्याचे नोकर, आक्कांचे भाडेकरू. दोन्हीकडून जाशील. गप्प बस."

मग जीप आली. मोठे साहेब उतरले, नाकाला रुमाल लावून खड्ड्यात डोकावले. "काय हो, तुमचे जंतू संपावर गेले वाटतं?" बरोबरचे सगळे हसले. लॅबचे साहेब लालेलाल झाले. जाताना मोठ्या साहेबांनी सांगितलं, पंधरा दिवस. पंधरा दिवसांत काही दिसलं नाही तर पंप बंद आणि पाणी जुन्या खाणीत.

आक्का ओट्यावर बसल्या होत्या. विहिरीकडे बघत होत्या, जशी माणसं दवाखान्यातून घरी आणलेल्या पेशंटकडे बघतात. मला ते बघवेना.

"आक्का, पावडर मी टाकली," मी म्हणाले. "सगळी. तुम्ही आजारी होता तेव्हा."

"कुटं? हिरीत?"

"खड्ड्यात."

"आन मग तो सायेब तीन आटवडं येड्यावानी फिरतोय, तवा तुजं तोंड शिवलं हुतं का गं?"

मी रडायला लागले.

"रडू नगंस. रडायला येळ न्हाई. पावडर टाकलीस त्याचं मला काय न्हाई, मी मरते का काय म्हनून टाकलीस. पन तीन आटवडं! तीन आटवड्यात गाय गाभन ऱ्हाती, बाई." मग चपला शोधत म्हणाल्या, "चल. आदी त्याला सांग. माज्या म्होरं सांग."

साहेबांनी ऐकून घेतलं आणि हातातली काडेपेटी जमिनीवर आपटली. मला ते एक शब्दही वाईट बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. नुसतं म्हणाले, "वहिनी, अहो, तुम्हालाच तर सगळं समजत होतं." मग काडेपेटी उचलून घेत, "आता शेण लागेल. पुष्कळ. आणि दुसरीकडच्या एखाद्या चालू खड्ड्यातला रबडा लागेल. नुसत्या शेणाने पंधरा दिवसांत व्हायचं नाही."

शेण कुठून आणायचं? गोठा रिकामा, गुरं छावणीत. छावणी दीड मैलावर. आक्का आणि मी पाट्या घेऊन जायला लागलो. तिथेही शेणावर बायकांच्या उड्या, गोवऱ्यांसाठी. एकीने माझी पाटी ओढली. "ए कोकनीन, मासं सोडून शेनावर आलीस व्हय?" आक्कांनी तिला असं काही ऐकवलं की ते मला इथे लिहिता येत नाही. पाटी मात्र सुटली. उन्हातून डोक्यावर शेणाची पाटी, शेणपाणी कानामागून गळ्यात उतरतंय, घरी पोर रडतेय. दिवसाला चार खेपा. ह्यांनी पहिले दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि खड्ड्यातला मेलेला साका बादलीने उपसायला लागले.

शिर्डीच्या बाजूला एका बागाईतदाराकडे गोबरगॅस होता. लॅबचे साहेब तिथून रबडा घेऊन आले, दुधाच्या दोन कॅनमधून, एस.टी.च्या टपावर टाकून. कंडक्टरने विचारलं, दूध आहे का. साहेब म्हणाले, विरजण आहे. हे सांगताना त्या दिवसांत पहिल्यांदाच ते हसले.

बाराव्या दिवशी एक बुडबुडा आला. मी फळीच्या फटीला डोळा लावून बसले होते म्हणून दिसला. तेराव्या दिवशी दहा-बारा. चौदाव्या दिवशी काडी धरल्यावर नळीच्या तोंडाशी 'भप्' झालं आणि विझलं. साहेब म्हणाले, उद्यापर्यंत टिकणारी ज्योत लागेल. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तयार. ह्यांनी रजा घेतलेली. आक्कांनी धुवट लुगडं नेसलेलं. जीप आलीच नाही.

संध्याकाळी कळलं की कारखान्यातली मळी संपली. दुष्काळाने ऊसच नव्हता, तर मळी कुठून येणार? डिस्टिलरी बेमुदत बंद. जुन्या खाणीत पाणी सोडायचं कारणच उरलं नाही, पंपाचंही नाही. आमच्या त्या पंधरा दिवसांकडे पाहायला कुणी आलं नाही, ना हसायला ना शाबासकी द्यायला. ज्योत मात्र त्या दिवशी लागली. आम्ही चौघांनीच पाहिली. साहेबांनी वहीत वेळ लिहिली आणि वही मिटली.

पुढे दोन महिने खड्डा चालला, वाफे पाळीने भिजत-वाळत राहिले आणि खाणीतलं पाणी खाली गेलं. बाटल्या उजळत गेल्या. पण विहिरीची पातळीही उतरत चालली, कारण तिला भरणारं ते घाणेरडं पाणीच आता येत नव्हतं. मी साहेबांना विचारलं, रंग उतरला तो आपल्या जंतूंनी, की कारखाना बंद पडला म्हणून? ते म्हणाले, "दोन्ही असेल. वेगळं करून सांगायला मला अजून दोन वर्षं लागली असती." त्यांची बदली झाली होती. आमचीही झाली, कोल्हापूरकडच्या कारखान्यात.

निघायच्या सकाळी सामान बाहेर काढलं. आक्का विहिरीवर गेल्या. पोहरा आता बराच खोल सोडावा लागत होता. पाणी काढलं, ओंजळीत घेतलं, तोंडात घोळवलं. मी पोरीला कडेवर घेऊन समोर उभी. माझ्यासाठी म्हणून खोटं बोलणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, ते मला माहीत होतं, तरी मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

या वेळी त्या थुंकल्या नाहीत. गिळलं. मग ओठ पुसत म्हणाल्या, "गिळवतंय. पन चा न्हाई व्हायचा ह्याचा, अजून."

"कधी होईल?"

"मला काय इचारतीस? तुज्या जंतूंना इचार." आणि उरलेलं पाणी त्यांनी जमिनीवर न ओतता वाफ्यात नेऊन ओतलं, ज्याची त्या दिवशी पाळी होती त्या.